पावसाळ्यातलं भंडारदरा: शनिवार-रविवारच्या सहलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भंडारदरा अकोले तालुक्यात, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. एका बाजूला कळसूबाईची रांग, दुसऱ्या बाजूला रतनगड आणि मध्ये प्रवरेवरच्या धरणाचा जलाशय. मुक्कामाचं मुख्य गाव शेंडी. इथली सहल फसते ती बहुतेक वेळा पाण्याचा अंदाज चुकल्यामुळे. कधी पाणी नसताना माणसं धबधबा बघायला येतात, तर कधी पाणी वाढत असताना त्यात उतरतात. म्हणून बरीचशी उत्तरं पाण्याभोवतीच फिरतात.

नेमकं कोणत्या महिन्यात जावं?

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हिरवळीची अपेक्षा ठेवू नका. मेअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंतचे दिवस काजव्यांचे. तेव्हा डोंगर तपकिरी असतात आणि ओढे कोरडे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात रंग पालटायला लागतो.

जुलै हा सर्वांत जोराच्या पावसाचा महिना. भाताची आवणी (रोपांची लावणी) चालू असते, कातळावरून शेकडो धारा सुटलेल्या असतात, पण धुकं दिवसदिवस हलत नाही. घाटघरच्या कड्यावर उभं राहून पांढऱ्या भिंतीपलीकडे काहीच दिसलं नाही, असं जुलैत सर्रास होतं. भिजायचं आहे, ढगात चालायचं आहे, दृश्यांचा हट्ट नाही, अशांनी जुलैत जावं.

धबधबेही हवेत आणि दरीही दिसायला हवी, तर ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरचा मध्य हा काळ उत्तम. एव्हाना धरण बहुतेक वर्षी भरलेलं किंवा भरत आलेलं असतं, पाऊस सरींनी येतो आणि मध्ये तास-दोन तास उघडीप मिळते. सप्टेंबरमध्ये सोनकी आणि तेरडा फुलतो. सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर) पिवळे-जांभळे पट्टे दिसतात. फक्त १५ ऑगस्टला जोडून आलेली सुट्टी टाळा. त्या दिवसांत शेंडीच्या चौकातून गाडी बाहेर काढण्यातच तास जातो.

हवामानाचा अंदाज बघूनही फसायला होतं. असं का?

कारण अंदाज चुकीच्या ठिकाणचा बघितला जातो. अहिल्यानगर जिल्ह्याचा बहुतेक भाग पर्जन्यछायेत आहे. संगमनेर, श्रीरामपूर, नगरला ऊन पडलेलं असताना घाटघर-रतनवाडीला एका दिवसात दोनशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडू शकतो. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, पण सह्याद्रीची धार मध्ये आली की हवामान पूर्ण बदलतं. त्यामुळे जिल्ह्याचा ‘ग्रीन’ इशारा बघून निश्चिंत होऊ नका.

भारतीय हवामान विभागाच्या अंदाजात नाशिकच्या घाट क्षेत्राचा वेगळा उल्लेख असतो, तो बघा. जोडीला पालघर आणि ठाणे जिल्ह्यांचा इशारा बघा, कारण ढग तिकडूनच चढून येतात. हवामान विभागाच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार आणि त्यावर अत्यंत जोरदार. नाशिक घाटाला ‘ऑरेंज’ असेल तर ट्रेक, ओढे, धबधब्याच्या जवळ जाणं हे सगळं बेतातून काढा. फक्त मुक्काम आणि डांबरी रस्त्यावरून फेरी ठेवा. ‘रेड’ असेल तर सहल पुढे ढकला. खोलीचे आगाऊ पैसे वाया जातात म्हणून निघू नका. बरेचसे घरगुती मुक्कामवाले फोन केला की तारीख बदलून देतात.

आणखी एक खबरदारी. गर्दीच्या किंवा धोकादायक ठिकाणी प्रशासन पावसाळ्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली बंदी घालू शकतं. हे आदेश काही दिवसांपुरते असतात आणि बदलत राहतात. शुक्रवारी संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून “उद्या कुठे सोडतायत?” एवढं विचारलं तरी पुरतं.

मुंबई-ठाण्याहून कोणत्या रस्त्याने यावं?

शहापूर, कसारा घाट, इगतपुरी, घोटी. घोटीत नाशिकचा महामार्ग सोडून उजवीकडे कोल्हार-घोटी रस्त्याला लागायचं. पुढे बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव, मग वारंघुशी फाटा आणि तिथून शेंडी. मुंबईपासून एकूण अंतर १७० ते १८० किलोमीटर. पहाटे पाचला निघालात तर चार-साडेचार तास, सकाळी आठला निघालात तर सहा.

समृद्धी महामार्गाचा भिवंडीजवळच्या आमणे ते इगतपुरी हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. त्यामुळे चारचाकीला कसारा घाट टाळून बोगद्यातून इगतपुरीला उतरता येतं. दुचाकींना या महामार्गावर बंदी आहे. त्यांना जुना घाटच.

घोटीनंतरच्या रस्त्यावर पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरलेले असतात, त्यामुळे त्यांची खोली कळत नाही. या शेवटच्या तीस-पस्तीस किलोमीटरला सव्वा तास धरा. नकाशा चाळीस मिनिटं दाखवतो, तो उन्हाळ्यातला हिशेब समजा.

पुणे आणि नाशिकहून?

पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, तिथून डावीकडे अकोले, राजूर आणि शेंडी. साधारण पावणेदोनशे किलोमीटर, पाच तास. आळेफाट्याच्या पुढे बोटा-ब्राह्मणवाडा-कोतूळमार्गे राजूरला येणारा रस्ता अंतराने कमी आहे आणि दिसायला सुंदर, पण अरुंद आणि वळणांचा. पहिल्यांदा येणाऱ्यांनी, अंधारात किंवा धो धो पावसात, संगमनेरचाच धरावा. पुणेकरांचा एक फायदा असा की रंधा धबधबा येतानाच वाटेवर लागतो.

नाशिकहून घोटीमार्गे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. नाशिककरांनी मुक्काम न करताही चालतं, पण मग पहाटे सहाला शेंडीत पोहोचायला हवं.

स्वतःची गाडी नसेल तर?

कसारा लोकल ही सोपी सोय. सीएसएमटीहून अडीच तासांच्या आसपास लागतात. कसारा स्थानकाबाहेर जीप उभ्या असतात. आठ-दहा जण मिळून बारी किंवा शेंडीपर्यंत ठरवता येतात. इगतपुरी आणि घोटीहूनही वाहनं मिळतात. एसटी आहे, पण फेऱ्या मोजक्या. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून घ्या.

जीप ठरवताना दोन गोष्टी आधीच स्पष्ट करा: भाडं फक्त सोडण्याचं की दोन्ही दिवसांचं, आणि जलाशयाची पूर्ण फेरी त्यात धरली आहे की नाही. वाद होतात ते याच दोन मुद्द्यांवरून. शेंडीत पोहोचल्यावर फेरीसाठी गावातली गाडी केलीत तर स्वस्त पडतं आणि चालकाला कुठला ओढा कधी चढतो हे ठाऊक असतं.

दोन दिवसांत काय काय होतं?

एक मोठी गोष्ट आणि दोन-तीन लहान. कळसूबाई, रतनगड, जलाशयाची फेरी आणि रंधा हे सगळं दोन दिवसांत कोंबणारे लोक अर्धा वेळ गाडीत आणि उरलेला वेळ ओल्या कपड्यांत काढतात.

सर्वांना झेपेल असा बेत असा. शनिवारी दहा-अकरापर्यंत शेंडी गाठा, जेवा, दुपारी धरणाचा परिसर आणि रंधा बघा, संध्याकाळी लवकर परता. रविवारी सकाळी सहाला जलाशयाच्या फेरीला निघा. घाटघर, साम्रद, रतनवाडी करून अकराच्या आत शेंडीत परत या, आंघोळ-जेवण उरकून एकपर्यंत परतीला लागा. बहुतेक लोक याच्या उलट करतात: शनिवारी दुपारी घाटघर गाठतात. तेव्हा तिथे एकामागे एक गाड्या अडकलेल्या असतात, भुट्ट्याच्या गाड्यांवर गर्दी असते आणि धुकं निवांत बघता येत नाही. रविवारी पहाटे तीच जागा तुमच्यासाठी मोकळी असते.

जलाशयाची फेरी म्हणजे नेमका कोणता रस्ता?

शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि परत शेंडी. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. न थांबता दोन तास, थांबत गेलात तर चार-पाच.

मुरशेतच्या बाजूने सुरुवात करा. सकाळी लवकर घाटघरच्या कोकणकड्यावर पोहोचणं हा त्यातला हेतू. कोकणातून वर चढणारा वारा कड्यावर आदळतो आणि खाली पडणारं पाणी उलटं वर फेकतो; तुषार थेट तोंडावर येतात. धुकं असेल तर वीस मिनिटं थांबा. वाऱ्याने पडदा फाटतो आणि दोन-तीन मिनिटं खालची दरी उघडते, मग पुन्हा बंद होते. छत्री इथे उघडूच नका, वारा ती उलटी करतो आणि माणूस तिच्यामागे दोन पावलं कड्याकडे ओढला जातो.

रतनवाडीला अमृतेश्वराचं हेमाडपंती मंदिर आहे. कोरीव काम बारकाईने बघावं असं, विशेषतः बाहेरच्या भिंती. शेजारची पुष्करणीही चुकवू नका. भर पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंडी पाण्याखाली जाते. ती दिसली नाही म्हणून नाराज होऊ नका. पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि आत अनवाणी जायचं असतं, त्यामुळे वयस्कर माणसांचा हात धरा.

वाटेत लागणाऱ्या प्रत्येक धबधब्याला फलक नसतो आणि नावही नसतं. गाडी वळणावर न लावता सरळ रस्त्यावर, पूर्ण कडेला लावून बघा.

रंधा आणि अंब्रेला धबधबे फोटोत मोठे दिसतात, प्रत्यक्षात कधी कधी पाणीच नसतं. का?

कारण या दोन्हींची चावी धरणाकडे आहे. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ मध्ये पुरं झालं. साधारण ८२ मीटर उंचीचं हे दगडी धरण ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी साठवतं.

अंब्रेला धबधबा धरणाच्या पायथ्याशी आहे. धरणाच्या मोरीतून सोडलेलं पाणी गोल कातळावरून छत्रीसारखं पसरतं, म्हणून ते नाव. मोरी बंद असेल तर तिथे फक्त कातळ दिसतो. पाऊस कितीही असो, पाणी सोडल्याशिवाय छत्री होत नाही.

रंधा प्रवरेवर, धरणाच्या खाली, शेंडीहून राजूरच्या दिशेला दहा-एक किलोमीटरवर आहे. उंची सुमारे १७० फूट. जुलैत घाटमाथ्यावर सर्वांत जास्त पाऊस पडत असतो, पण तेव्हा धरण भरायचं काम चालू असतं आणि वरचं पाणी अडवलेलं असतं. रंध्याला मिळतं ते मुख्यतः धरणाखालच्या ओढ्यांचं आणि वीजनिर्मितीसाठी सोडलेलं. धरण भरून सांडव्यातून विसर्ग सुरू झाला की रंध्याचं खरं रूप दिसतं. विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये वर्तमानपत्रांत रोज येतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, म्हणजे पाच हजार क्युसेकला सेकंदाला जवळजवळ एक लाख चाळीस हजार लिटर. हा आकडा डोळ्यासमोर ठेवला की कठड्यापलीकडे का जायचं नाही, हे सांगावं लागत नाही. धरणाच्या खाली नदीपात्रात कुठेही उतरू नका, ऊन असलं तरी. विसर्ग वाढवायचा निर्णय वरच्या पावसावर होतो, तुमच्या डोक्यावरच्या आभाळावर नाही.

छोट्या ओढ्यात किंवा धबधब्याखाली उतरायला काय हरकत आहे?

गुडघ्याच्या खाली, संथ, तळ दिसणाऱ्या आणि लोकवस्तीजवळच्या पाण्यात, स्थानिक माणूस सोबत असताना पाय बुडवायला हरकत नाही. त्यापलीकडे आहे.

ओढ्याचं पाणी वर पडलेल्या पावसाने वाढतं. वरचा कातळ उघडा आणि उतार तीव्र असल्याने पाणी मुरायला वेळच मिळत नाही. दहा-पंधरा मिनिटांत घोट्याएवढं पाणी कमरेला येतं. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण असेच वाहून गेले. ते प्रवाहाच्या मधोमध उभे होते आणि पाणी दोन्ही बाजूंनी वाढलं.

पाणी वाढणार याच्या खुणा ठरलेल्या आहेत. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होतं. काड्या, पालापाचोळा, फेस वाहत येतो. आवाज जड होतो. पोहोचल्याबरोबर काठावरचा एक दगड खूण म्हणून धरा. तो बुडायला लागला की सामान सोडून बाहेर या. यातली एक खूण दिसली तरी पुरे, दुसरीची वाट बघू नका. आणि बाहेर यायचं ते ज्या काठावर गाडी आहे त्या काठावर. पलीकडे अडकलात तर पाणी उतरेपर्यंत, मग ते चार तास का असेना, तिथेच थांबा. दोर धरून साखळी करून ओलांडायच्या प्रयत्नातच जास्त माणसं जातात.

धबधब्याच्या थेट धारेखाली उभं राहू नका. पाण्याबरोबर दगड येतात, आणि पावसाने सुटलेला मुठीएवढा दगडही पन्नास फुटांवरून डोक्यात बसला तर पुरतो.

रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची का?

नाही. वाहतं पाणी अर्धा फूट असलं तरी माणसाला पाडू शकतं, एक फुटाला छोटी मोटार तरंगायला लागते आणि दोन फुटाला जवळजवळ कोणतीही गाडी वाहते. शिवाय पाण्याखालचा डांबरी भाग शाबूत आहे की खचला आहे, हे वरून कळत नाही. स्थानिक जीपवाला गेला म्हणून मागोमाग जाऊ नका. त्याची गाडी उंच आहे आणि फरशी (ओढ्यावरचा बुटका पूल) कुठे संपते ते त्याला पाठ आहे. साचलेल्या, न वाहणाऱ्या पाण्यातून गेलात तर पुढे शंभर-दोनशे मीटर हळू चालवत ब्रेक दोन-तीनदा हलके दाबा, म्हणजे ते कोरडे होतात.

धुक्यात गाडी कशी चालवावी?

लो बीम आणि असतील तर फॉग लॅम्प. हाय बीमचा उजेड धुक्यावरून परत डोळ्यांत येतो. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावू नका. तुम्ही वळताय की थांबलात हे मागच्याला कळत नाही. काच आतून धुरकट झाली की एसी चालू करून हवा काचेवर सोडा, फडक्याने पुसत बसू नका. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम आहे, उतरणाऱ्याने थांबायचं. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, नाहीतर ब्रेक तापतात.

निघण्याआधी वायपरचे रबर बदला. पावसाळ्यातल्या सहलीतली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त उपयोगी पडणारी दुरुस्ती. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर तो टायर कायद्यानेही बाद आहे. घाटासाठी तीन मिलिमीटर तरी असावी.

पावसात कळसूबाई करावं का?

करता येतं, पण ‘ऑरेंज’ इशाऱ्याला नाही आणि रविवारी दहा वाजता सुरुवात करून तर नाहीच. १,६४६ मीटर उंचीचं हे राज्यातलं सर्वोच्च शिखर. बारीजवळच्या जहागीरदारवाडीतून चढायला तीन ते साडेतीन तास, उतरायला अडीच. वाट ठळक आहे, चुकत नाही. अडचण असते ती लोखंडी शिड्यांवर. सुट्टीच्या दिवशी चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात आणि तासभर उभ्याने भिजावं लागतं. भिजलेला, थांबलेला माणूस वाऱ्यात लवकर गारठतो. दात वाजणं, बोबडी वळणं ही धोक्याची खूण. अशा वेळी ओला शर्ट काढून कोरडा घाला, गोड काहीतरी खायला द्या आणि शिखराचा नाद सोडून खाली वळा.

पहाटे साडेपाचला वाटेला लागा म्हणजे नऊपर्यंत माथा होतो आणि उतरताना गर्दी वर येत असते. शिडी उतरताना तोंड शिडीकडे ठेवा, पाठ नाही. वीज चमकत असेल तर शिड्या आणि साखळ्यांना हात लावू नका, कड्यापासून लांब खोलगट जागी बसून राहा.

रतनगड, सांदण दरी आणि हरिश्चंद्रगड?

सांदण दरी पावसाळ्यात बंद. हा नियम असो वा नसो, तिच्यात उतरणं म्हणजे पाण्याच्या नळीत उतरणं. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि वरून येणारं सगळं पाणी मधूनच जातं. साम्रदला वरून, लांबून बघा आणि नोव्हेंबर-डिसेंबरनंतर आत जायला या.

रतनगडाची रतनवाडीची वाट सुरुवातीला प्रवरेचा ओढा पुन्हा पुन्हा ओलांडते. सकाळी सहज पार केलेला ओढा दुपारी अडवतो. ऑक्टोबरपर्यंत थांबावं, हे आमचं स्पष्ट मत. तोवर वरचं नेढं (कातळातलं आरपार भोक) कुठे जात नाही आणि गडावर फुलंही असतात.

हरिश्चंद्रगडाला जायचंच असेल तर पाचनईची वाट, बाकी नाही. राजूरमार्गे पाचनई गाठायचं, वर दोन-अडीच तास. नळीच्या वाटेचा विचारही पावसात करू नका.

जलाशयाकाठी तंबूत राहायची मजा पावसात येते का?

थोडक्यात, नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जलाशय भरत असतो आणि पाणी रात्रीतून काठ खाऊन वर येतं. सपाट, सुंदर दिसणारी जागा ही बहुतेकदा पाण्याचीच जागा असते. शिवाय स्वस्त तंबूंचं कापड अशा सततच्या पावसाला टिकत नाही. पाणी वरून नाही तर खालून येतं. तंबूच हवा असेल तर उंचावरच्या, लाकडी किंवा सिमेंटच्या ओट्यावर उभारलेला आणि वर पत्र्याचं छप्पर असलेला शोधा. नाहीतर घरगुती मुक्काम किंवा महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान. खोली ठरवताना तीन प्रश्न विचारा: गरम पाणी लाकडावर की विजेवर, वीज गेली तर दिवा काय, आणि ओले कपडे वाळवायला चूल किंवा आडोसा आहे का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असलेली साधी खोली ही महागड्या खोलीपेक्षा बरी.

कपडे आणि सामान काय घ्यावं?

जीन्स घेऊ नका. भिजली की दोन किलोची होते आणि दोन दिवस वाळत नाही. पटकन वाळणारी पॅन्ट, कृत्रिम धाग्याचे तीन टी-शर्ट, पातळ स्वेटर किंवा फ्लीस, मोज्यांचे चार जोड. रेनकोट दोन भागांचा घ्या. पोंचो वाऱ्यात डोक्यावर येतो. बुटांना खोल खाचांचा रबरी तळ हवा. सपाट झिजलेला महागडा बूट शेवाळावर घसरतो आणि चारशे-पाचशे रुपयांचा खाचांचा बूट टिकतो. रात्री बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला, सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात.

सॅकला बाहेरचं आवरण असलं तरी आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी लावा. बाहेरचं आवरण खालून पाणी साठवतं. कोरड्या कपड्यांचा एक जोड वेगळ्या पिशवीत बांधून गाडीतच ठेवा आणि काहीही झालं तरी परतीपर्यंत उघडू नका. बॅटरी डोक्याला लावायची असावी, हात मोकळे राहतात.

फोन भिजला तर बंद करा, चार्जिंगला लावू नका, पुसून हवेशीर जागी ठेवा. तांदळात पुरल्याने पाणी निघत नाही, उलट पीठ आणि कण छिद्रात जातात.

जेवणाचं काय?

मुक्कामाच्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवा. किती माणसं, किती वाजता, शाकाहारी किती. न सांगता बारा जण दाराशी उभे राहिले तर जेवायला दोन तास लागणारच. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, वरण, इथल्या इंद्रायणीचा चिकट भात, सांगितलं तर गावठी कोंबडी. पावसाळ्यात विचारून बघण्यासारख्या म्हणजे रानभाज्या: कुर्डू, फोडशी, भारंगी, चाई. या भाज्या घरच्या बाईने निवडून शिजवलेल्याच खा. स्वतः रानातून खुडून आणू नका, दिसायला सारखी असणारी विषारी पानं असतात. पाणी उकळलेलं मागा. पावसाळ्यात विहिरींचं पाणी गढूळ होतं आणि पोटं बिघडतात ती याच कारणाने.

पैसे, नेटवर्क, पेट्रोल?

शेंडीत नेटवर्क मिळतं, घाटघर-साम्रद-रतनवाडीच्या बाजूला मध्येच जातं. वाऱ्या-पावसात वीज गेली की शेंडीतलंही जातं आणि मग मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत. माणशी हजार-दीड हजार रुपये रोख, शंभर-दोनशेच्या नोटांत ठेवा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरावं लागतं, पावती जपून ठेवा. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. टाकी घोटी किंवा अकोल्यात भरून घ्या.

लहान मुलं आणि ज्येष्ठांना आणता येईल?

हो, भंडारदऱ्याचा हा मोठा गुण आहे: सुंदर ते सगळं डांबरी रस्त्यावरून दिसतं. ट्रेक सोडून बाकी बेत सगळ्यांना झेपतो. गाडी लागणाऱ्या मुलांना घोटीनंतर पुढच्या सीटकडे तोंड करून, रिकाम्यापोटी नाही पण हलकं खाऊन बसवा. दमा किंवा सांधेदुखी असलेल्यांना जुलैपेक्षा सप्टेंबर मानवतो.

दुखापत किंवा सर्पदंश झाला तर?

१०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस. नेटवर्क नसेल तर जवळच्या गावात धावा. ग्रामीण रुग्णालयं राजूर आणि अकोल्याला आहेत. साप चावला तर जखम कापणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं यातलं काही करू नका. चावलेला भाग हलू न देता, अंगठी-बांगडी काढून, माणसाला उचलून गाडीत घाला. सापाला पकडण्यात वेळ घालवू नका. घोणस आणि मण्यार दोन्हींवर एकच प्रतिविष चालतं.

पायाला जखम असेल तर चिखलात किंवा साचलेल्या पाण्यात अनवाणी उतरू नका. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप, डोळे लाल, पोटऱ्या दुखणं असं झालं तर डॉक्टरांना ‘पावसाच्या पाण्यात भिजलो होतो’ हे आवर्जून सांगा, म्हणजे लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) तपासणी वेळेवर होते.

भातखाचरात उतरून फोटो काढले तर चालतं का?

विचारल्याशिवाय नाही. आवणी झालेल्या खाचरात एक पाऊल म्हणजे तीन-चार चूड (रोपांचे झुबके) गाडले जातात. बांध हा ओल्या मातीचा असतो. त्यावरून दहा जण चालले की तो फुटतो आणि खाचरातलं पाणी, त्याबरोबर खत, निघून जातं. इथे बहुतेक कुटुंबं महादेव कोळी आणि ठाकर समाजाची, जमीन थोडी आणि वर्षाचं मुख्य पीक हेच. रस्त्यावर उभं राहून फोटो तितकाच चांगला येतो. आवणीत हात लावायची हौस असेल तर मुक्कामाच्या घरी विचारा, काही जण आनंदाने सोबत नेतात. पण मग निदान दोन तास खरंच काम करा.

इथून काय घेऊन जावं?

तांदूळ. इंद्रायणी सगळीकडे मिळतो, पण काळभात, जिरवेल, रायभोग असे जुने वाण कुणाकडे आहेत का ते विचारा. देशी बियाणं जपण्यासाठी २०२० मध्ये पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातल्या, कोंभाळण्याच्या. नवं भात दिवाळीच्या सुमाराला निघतं, त्यामुळे पावसाळ्यात मिळतो तो मागच्या वर्षीचा. जुना तांदूळ मोकळा शिजतो, ते चांगलंच. घरी नेल्यावर एकदा सावलीत पसरून वाळवा, कारण पावसाळी हवेत पोत्यात दमटपणा शिरलेला असतो.

परतीला किती वाजता निघावं?

रविवारी दुपारी एकपर्यंत. तीननंतर निघालात तर घोटी, इगतपुरी आणि शहापूर-भिवंडीच्या पट्ट्यात तीन-चार तास जास्त जातात. ते जमणार नसेल तर थांबा, रात्रीचं जेवण करून झोपा आणि सोमवारी पहाटे चारला निघा. रविवारी संध्याकाळी अंधार, पाऊस, धुकं आणि दमलेला चालक हे चारही एकत्र येऊ देऊ नका.